दोन पदांची ओळ

मराठीत ‘पद’ गाण्यातलं असतं आणि बीजगणितातलंही. ज्या ओळीचं रसग्रहण इथे करायचं आहे ती बीजगणितातली आहे. तिच्यात दोनच पदं आहेत, आणि ती वाचताना मला या शब्दाचे दोन्ही अर्थ एकदम आठवतात. ओळीचं नाव लांबलचक आहे: आडव्या चुंबकी क्षेत्रातलं आयझिंग प्रारूप. डावीकडे ऊर्जा. उजवीकडे उणे ‘जे’ गुणिले शेजारशेजारच्या दोन स्पिनांच्या उभ्या घटकांचा गुणाकार, सगळ्या जोड्यांची बेरीज. मग पुन्हा उणे, ‘गॅमा’ गुणिले एकेका स्पिनचा आडवा घटक, सगळ्या स्पिनांची बेरीज. संपलं. पोस्टकार्डावर एका ओळीत मावतं. थंडी निरपेक्ष शून्यापर्यंत नेली, उष्णतेची सगळी धुसफूस थांबवली, तरीही चुंबक एका अवस्थेतून दुसरीत जाऊ शकतो. याला क्वांटम प्रावस्था संक्रमण म्हणतात. ते स्फटिकात शोधणं असो की संगणकावर किंवा लेझरच्या जाळ्यात घडवून पाहणं असो, यांतल्या कितीतरी प्रयत्नांची सुरुवात याच ओळीपासून झाली.

पहिलं पद आधी वाचू, कारण ते जुनं आहे. १९२० साली विल्हेल्म लेंझ यांनी ते सुचवलं आणि हँबुर्गमधले आपले विद्यार्थी अर्न्स्ट आयझिंग यांना सोडवायला दिलं. प्रत्येक अणू म्हणजे एक इवला चुंबक, त्यालाच स्पिन म्हणायचं. त्याला दिशा दोनच, वर किंवा खाली. शेजारी एका दिशेला असले तर ऊर्जा ‘जे’ने घटते, उलट असले तर ‘जे’ने वाढते. पदाआधीचं उणे चिन्ह नजरेतून सुटू देऊ नये. वस्तू कमी ऊर्जेकडे झुकते, म्हणून ते चिन्ह प्रत्येक स्पिनला सांगतं की शेजाऱ्याशी जमवून घे. फक्त शेजाऱ्याशी. दूरच्या कुणाचा पदात उल्लेखही नाही. एवढ्या शेजारधर्मावर सगळा पदार्थ एका दिशेला वळून चुंबक बनेल का, हा आयझिंगपुढचा प्रश्न होता.

त्यांनी एका रांगेतली साखळी सोडवली आणि १९२५ च्या निबंधात उत्तर दिलं: नाही. कारण साधं आहे. साखळीत एके ठिकाणी दिशा उलटली तर भुर्दंड फक्त दोन ‘जे’चा. साखळी हजार अणूंची असो की कोटीची, भुर्दंड तेवढाच, पण तुटण्याच्या जागा मात्र कोटी. जराशी ऊब असली की साखळी कुठे ना कुठे तुटतेच. तिन्ही मितींतही असंच होईल असा आयझिंग यांनी कयास बांधला. तो चुकला. १९३६ मध्ये पायर्ल्स यांनी सपाट पृष्ठावर चुंबक टिकतो हे दाखवलं आणि १९४४ मध्ये लार्स ऑन्सागर यांनी त्याचं अचूक गणित मांडलं. तोवर आयझिंग संशोधनापासून फार दूर गेले होते. ज्यू म्हणून त्यांना जर्मनी सोडावी लागली. लक्झेंबर्गमध्ये युद्धाच्या काळात त्यांनी मेंढ्या राखल्या, रेल्वेवर राबले आणि १९४७ मध्ये अमेरिकेत जाऊन शिक्षकी केली. आपलं नाव एका प्रारूपाला चिकटून जगभर फिरतंय हे त्यांना फार उशिरा कळलं.

आता दुसरं पद. माझ्या मते ओळीचा जीव इथे आहे. १९६३ मध्ये पिएर-जिल द जेन यांनी हायड्रोजन बंधांच्या स्फटिकांचा विचार करताना ते वापरलं. त्यातलं चुंबकी क्षेत्र आडवं आहे, आणि त्याची तीव्रता म्हणजे गॅमा. स्पिनांना वर-खाली आवडतं, आणि हे क्षेत्र त्यांना डावीकडून उजवीकडे ओढतं. रोजच्या अनुभवावरून वाटेल की स्पिन थोडा कलेल, इतकंच. क्वांटम जगात कलणं इतकं सोपं नाही. ज्या स्पिनची उभी दिशा पक्की आहे त्याची आडवी दिशा पूर्ण अनिश्चित असते. आडवी पक्की केली की तो वर आहे की खाली, या प्रश्नाला उत्तरच उरत नाही. पहिल्या पदाला हवी ती गोष्ट पूर्ण दिली की दुसऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. दोघांचा क्रम बदलला की गुणाकारही बदलतो. ओळीतलं सगळं नाट्य या एका गोष्टीत आहे, आणि त्यात उष्णतेचा हात कणभरही नाही.

हे जवळून पाहायचं तर दोनच स्पिन घ्यावेत. शक्यता चार: दोन्ही वर, दोन्ही खाली, आणि दोन उलटसुलट. गॅमा शून्य असेल तर ‘दोन्ही वर’ आणि ‘दोन्ही खाली’ या दोघांची ऊर्जा उणे ‘जे’, अगदी बरोबरीत. आता गॅमा किंचित वाढवा. आडवं क्षेत्र एका वेळी एकच स्पिन उलटवतं, म्हणून ‘दोन्ही वर’पासून ‘दोन्ही खाली’पर्यंत जायला वाटेत एक उलटसुलट अवस्था ओलांडावी लागते. ती वाट उघडताच बरोबरी मोडते. ‘वर’ आणि ‘खाली’ यांची एक बेरीज आणि एक वजाबाकी तयार होते. वजाबाकीची ऊर्जा उणे ‘जे’लाच थांबते. बेरीज मात्र खाली घसरते: ‘जे’चा वर्ग अधिक चार गुणिले गॅमाचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, आणि त्याआधी उणे चिन्ह. गॅमा ‘जे’एवढा झाला की ही ऊर्जा उणे वर्गमूळ पाच ‘जे’, म्हणजे उणे २.२३६ ‘जे’. दोघींमध्ये फट पडली ती १.२३६ ‘जे’ची. गॅमा वाढेल तशी फट गुळगुळीतपणे रुंदावत जाते. कुठे ठेच नाही, कुठे वळण नाही. दोन स्पिनांत संक्रमण होत नाही.

मग ते येतं कुठून? गॅमा ‘जे’च्या एक दशांश ठेवला तर दोन स्पिनांमधली फट साधारण ०.०२ ‘जे’ असते. स्पिन दहा केले की ‘सगळे वर’पासून ‘सगळे खाली’पर्यंत जायला दहाही उलटावे लागतात, आणि फट गॅमा व ‘जे’ यांच्या गुणोत्तराच्या दहाव्या घातासारखी आक्रसते. ती एक अब्जांशाच्याही खाली जाते. साखळी अमर्याद लांब केली की फट उरतच नाही. ‘वर’ आणि ‘खाली’ ही दोन कायमची वेगळी घरं होतात, आणि चुंबक या वेगळेपणाचंच नाव आहे. हे किती काळ टिकतं? १९७० मध्ये पिएर फ्यूटी यांनी पूर्ण साखळी अचूक सोडवून दाखवली. गॅमा ‘जे’पेक्षा कमी असेपर्यंत चुंबक टिकतो. साखळीत एक भिंत, म्हणजे दिशा उलटण्याची जागा, घालायची किंमत, जी आयझिंगच्या वेळी दोन ‘जे’ होती, ती आता दोन गुणिले ‘जे’ वजा गॅमा इतकी असते. गॅमा ‘जे’ला भिडला की किंमत शून्य. भिंती फुकट उभ्या राहू लागतात आणि चुंबक विरघळतो, तोही शून्य तापमानाला. ज्या साखळीत आयझिंगना संक्रमण सापडलं नाही, त्याच साखळीत दुसऱ्या पदाने ते आणून ठेवलं.

त्यामागे एक युक्ती आहे, आणि सगळ्या ओळीत मला तीच सर्वांत सुंदर वाटते. ट्रॉटर यांच्या १९५९ च्या सूत्राचा आधार घेऊन मासुओ सुझुकी यांनी १९७६ मध्ये ती मांडली. साखळीची एक प्रत काढायची, तिच्याखाली काल्पनिक काळात किंचित पुढे सरकलेली दुसरी, तिच्याखाली तिसरी, असे थरावर थर रचत जायचं. आडवा थर पहिल्या पदाने बांधलेला. एका थरातला स्पिन आणि त्याच्या खालच्या थरातला तोच स्पिन यांना जोडणारा उभा धागा मात्र दुसऱ्या पदाने विणलेला असतो. गॅमा लहान असेल तर धागा घट्ट, वाढेल तसा सैल. रांगेची सतरंजी होते. आणि या सतरंजीतला प्रत्येक स्पिन आता साधा, वर किंवा खाली. क्वांटम काही उरलेलं नाही. एका मितीचा क्वांटम चुंबक म्हणजे दोन मितींचा साधा चुंबक, ऑन्सागर यांनी सोडवलेला तोच. आयझिंगच्या साखळीला जी मिती कमी पडत होती ती काळाने पुरवली. संगणकावर क्वांटम चुंबकाचं अनुकरण करण्याची एक मोठी परंपरा या सतरंजीवरच बसलेली आहे. यादृच्छिक रीतीने एकेक स्पिन उलटवून पाहायचा, ऊर्जा तपासायची, ठेवायचा की परत फिरवायचा ते ठरवायचं, आणि हे कोट्यवधी वेळा करायचं.

सगळ्याच चुंबकांना ही सोय मिळत नाही. त्रिकोणी जाळीवर शेजाऱ्याशी उलट राहू पाहणारे आणि तिन्ही दिशांना मोकळे असलेले स्पिन घेतले की सतरंजीच्या काही विणींचं वजन उणे येतं, आणि उणे संभाव्यतेची नाणी फेकता येत नाहीत. थेट गणित करावं म्हटलं तर जागा पुरत नाही. ३० स्पिनांची अवस्था लिहायला १,०७,३७,४१,८२४ संख्या लागतात, म्हणजे जवळपास १७ गिगाबाइट. हे घरच्या संगणकातही कसंबसं बसेल. ५० स्पिनांना १८ हजार टेराबाइट लागतात, आणि पुढचा प्रत्येक स्पिन हा आकडा दुप्पट करतो. १९८१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका परिषदेत रिचर्ड फाइनमन यांनी याच अडचणीवर बोट ठेवलं. निसर्ग क्वांटम आहे, तर त्याचं अनुकरण करणारं यंत्रही क्वांटमच असायला हवं, असा त्यांचा आग्रह होता. १९८२ मध्ये ते भाषण छापून आलं.

यंत्रांकडे वळण्याआधी एक स्फटिक पाहू, कारण त्याने ही ओळ जशी वाचून दाखवली तशी फार थोड्यांनी दाखवली आहे. कोबाल्ट नायोबेट. कोबाल्टचे अणू त्यात नागमोडी रांगांनी बसलेले असतात. रांगेतल्या रांगेत ओढ तगडी, शेजारच्या रांगांशी अगदी फिकी. एका ग्रॅममध्ये एकावर एकवीस शून्यं देऊनही जास्त भरतील इतके कोबाल्ट अणू. राडू कोल्डिया आणि सहकाऱ्यांनी बर्लिन आणि ऑक्सफर्डशायरमधल्या न्यूट्रॉन केंद्रांत त्यावर काम केलं आणि जानेवारी २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये ते छापून आलं. लेखकांच्या यादीत ऑक्सफर्डचे डी. प्रभाकरन हे नावही आहे. स्फटिक ०.०४ केल्व्हिनपर्यंत थंड केला आणि आडवं क्षेत्र ५ टेस्लाच्या घरात नेलं. दवाखान्यातल्या एमआरआय यंत्रात ते बहुधा दीड किंवा तीन टेस्ला असतं.

न्यूट्रॉन आत शिरतो आणि एक स्पिन उलटवतो. एक उलटला की त्याच्या दोन्ही अंगांना दिशा तुटते, म्हणजे भिंती दोन उभ्या राहतात. रांग एकटी असती तर त्या दोघी स्वैर पळाल्या असत्या आणि न्यूट्रॉनच्या नोंदीत नुसता पसरट ढग दिसला असता. पण २.९५ केल्व्हिनच्या खाली शेजारच्या रांगाही ओळीत येतात आणि उभ्या दिशेचं एक हलकं क्षेत्र लादतात. मग दोन भिंतींमधला उलटा तुकडा जितका लांब, तितकी किंमत जास्त. भिंती जणू रबराने बांधल्या जातात. दूर जाऊ पाहतात, ओढल्या जातात. ढगाचे सुटे पट्टे होतात. आडवं क्षेत्र नसताना असे पाच पट्टे मोजता आले. क्वार्क एकमेकांपासून सुटे होत नाहीत त्याची आठवण व्हावी असं हे दृश्य आहे, आणि ते एका खड्यात घडतं.

आता आडवं क्षेत्र वाढवत क्रांतिक बिंदूकडे, म्हणजे गॅमा ‘जे’ला भिडतो त्या जागेकडे, जायचं. अलेक्झांडर झामोलोदचिकोव्ह यांनी १९८९ मध्ये कागदावर दाखवलं होतं की गॅमा ‘जे’ला भिडलेला असताना उभ्या दिशेचं अगदी हलकं क्षेत्र दिलं तर साखळीत नेमके आठ कण जन्मतात, आणि त्यांची वस्तुमानं ‘ई-एट’ नावाच्या २४८ मितींच्या सममितीने ठरतात. पहिल्या दोघांचं गुणोत्तर दोन गुणिले ३६ अंशांची कोज्या, म्हणजे १.६१८. हलकं क्षेत्र मुद्दाम द्यायलाही लागलं नाही, ते शेजारच्या रांगांनी आधीच देऊन ठेवलं होतं. कोल्डियांच्या नोंदीत क्षेत्र ५ टेस्लाकडे सरकतं तसं खालच्या दोन पट्ट्यांचं गुणोत्तर १.६१८ कडे सरकत जातं. यावर बरंच लिहिलं गेलं, त्यात सुवर्ण गुणोत्तर म्हणून मंदिरं, शंख, सूर्यफुलं सगळं आलं. मला ते पटत नाही. इथे ती संख्या सौंदर्याचं गूढ म्हणून येत नाही, ३६ अंशांच्या कोज्येतून येते. आणि वीस वर्षं आधी कागदावर लिहिलेली कोज्या कोबाल्टच्या खड्यातून मोजून यावी, ही खरी नवलाची गोष्ट आहे. १.६१८ मध्ये वर्गमूळ पाच दडलेलं असतं, आणि ते मघाच्या दोन स्पिनांतही आलं होतं. तो मात्र निव्वळ योगायोग, त्याची गल्लत इथे करू नये.

रसग्रहणात पाठभेदांची दखल घ्यावी लागते. हा खडा ओळ शब्दशः म्हणत नाही. रांग सरळ नाही, नागमोडी आहे, त्यामुळे एका जोडीची आवडती दिशा आणि पुढच्या जोडीची आवडती दिशा जराशी वेगळी असते. २०२० आणि २०२१ मध्ये आलेल्या अभ्यासांनी दाखवलं की स्फटिकाचं बारीकसारीक वागणं समजायला आणखी पदं जोडावी लागतात. मग १.६१८ आलं कसं? याचं उत्तर या विषयाचा गाभा आहे. क्रांतिक बिंदूपाशी साखळी इतक्या लांबवर एकमेकांशी बांधली जाते की जवळच्या तपशिलांना किंमत राहत नाही. कोबाल्ट की आणखी काही, नागमोडी की सरळ, सगळं मागे पडतं. मिती किती आणि सममिती कोणती एवढंच उरतं. पाठभेद असलेल्या पोथ्या त्या एका पानावर येऊन शब्दाला शब्द जुळाव्यात, तसं. क्वांटम चुंबकाचं अनुकरण दुसऱ्याच कुठल्या तरी पदार्थात करता येतं ते या आधारावर. नाहीतर त्याला नुसती नक्कल म्हणावं लागलं असतं.

म्हणूनच फाइनमन यांची इच्छा पुरी करणारी यंत्रं मला महत्त्वाची वाटतात. सुरुवात लहान होती. २००८ मध्ये गार्खिंगमधल्या माक्स प्लांक संस्थेत मॅग्नेशियमचे दोन आयन विद्युतक्षेत्रात तरंगत ठेवून त्यांच्याकडून हीच ओळ म्हणवून घेतली. दोनच. वर पाहिलेलं कागदावरचं गणित, प्रत्यक्ष उभं केलेलं. तेरा वर्षांनी, २०२१ मध्ये, हार्वर्डच्या मिखाइल ल्युकिन यांच्या गटाने २५६ रुबिडियम अणूंपर्यंत मजल मारली. सिद्धान्ताच्या बाजूने त्यात सुबीर सचदेव होते. दिल्लीत जन्मलेल्या या भौतिकशास्त्रज्ञाचं क्वांटम प्रावस्था संक्रमणांवरचं पुस्तक १९९९ पासून या विषयाचं मुख्य पाठ्यपुस्तक आहे.

त्या प्रयोगाची छायाचित्रं अवश्य पाहावीत. प्रत्येक अणू लेझरच्या स्वतंत्र चिमट्यात धरलेला असतो. एक निर्वात पेटी, तिच्यात चौकोनी जाळी, सोळा गुणिले सोळा. अणूच्या दोन अवस्था ‘खाली’ आणि ‘वर’ म्हणून घेतल्या आहेत: मूळ अवस्था आणि फुगलेली रिडबर्ग अवस्था. फुगलेले दोन अणू एकमेकांच्या जवळ राहू शकत नाहीत. त्यांच्यातलं अपकर्षण अंतराच्या सहाव्या घाताने घटतं. म्हणजे पहिलं पद आहे, फक्त चिन्ह उलटं: शेजाऱ्याच्या विरुद्ध राहा. दुसऱ्या पदाची जागा लेझरने घेतली आहे, त्याची तीव्रता हाच गॅमा. शिवाय लेझरचा रंग किंचित बदलून उभ्या दिशेचं क्षेत्र वाढवता-कमी करता येतं. रंग सावकाश सरकवत नेला की बुद्धिबळाचा पट उमटतो, एक घर उजळ, एक काळं. चित्र काढताना फुगलेले अणू चिमट्यातून निसटून जातात, म्हणून ‘वर’ म्हणजे छायाचित्रातली रिकामी जागा. प्रत्येक छायाचित्रानंतर अणू पुन्हा भरावे लागतात, जाळी पुन्हा लावावी लागते, सगळं पहिल्यापासून. दर वेळी पट थोडा वेगळा येतो. कुठे दोन उजळ घरं शेजारी पडतात, कुठे पटाची एक बाजू दुसरीशी जुळत नाही आणि मधे शिवण दिसते.

त्या शिवणींकडे निरखून पाहावं. क्रांतिक बिंदूपाशी फट मिटत आलेली असते, म्हणून अवस्थेला बदलायला वेळ फार लागतो. घाटात गाडी कितीही सावकाश चालवली तरी एका वळणावर ते सावकाशपण कमीच पडतं, तसं. त्या वळणावर पटाचे दूरचे भाग एकमेकांना विचारायच्या आत आपापला निर्णय घेऊन टाकतात, आणि जिथे निर्णय जुळत नाहीत तिथे शिवण पडते. किती वेगाने गेलं तर शिवणी किती, हा हिशेब किबल यांनी १९७६ मध्ये विश्वाच्या सुरुवातीच्या काळासाठी आणि झुरेक यांनी १९८५ मध्ये द्रव हेलियमसाठी मांडला होता. हार्वर्डच्या गटाने आधी ५१ अणूंच्या रांगेत, मग या चौकोनी जाळीत तो तपासला. सुझुकींच्या सतरंजीच्या नियमाने दोन मितींचा क्वांटम चुंबक म्हणजे तीन मितींचा साधा चुंबक. शिवणींचा हिशेब ज्या घातांकावर अवलंबून असतो तो त्याच्यासाठी सुमारे ०.६३, आणि रुबिडियमच्या अणूंनी मोजमापाच्या चुकीच्या मर्यादेत तोच दिला. त्यांच्यात लोखंड नाही, कोबाल्ट नाही. नेहमीच्या अर्थाने चुंबक तिथे नाहीच.

आयझिंग यांचं १९९८ मध्ये निधन झालं. रांगेची सतरंजी त्यांच्या हयातीतच विणून झाली होती. खड्यातले पट्टे आणि लेझरमधला पट नंतर आला.

वाचकांना एक विनंती आहे. दोन स्पिनांचं गणित वर करून दाखवलं आहे. तीनचं स्वतः करून पाहावं. तिघांना त्रिकोणाच्या टोकांवर ठेवा आणि पहिल्या पदाचं चिन्ह अधिक करा, म्हणजे प्रत्येकाला दोन्ही शेजाऱ्यांच्या उलट राहायचं आहे. तिघांचं एकदम समाधान होत नाही, आणि गॅमा शून्य असताना आठांपैकी सहा शक्यता सारख्याच ऊर्जेच्या निघतात. मग गॅमा थोडा वाढवून कोण खाली घसरतं ते पाहा. २०१० मध्ये मेरिलँडमध्ये यटर्बियमच्या तीन आयनांनी हाच त्रिकोण सोडवून दाखवला. कागदावर ते आठ ओळींचं कोष्टक आहे, एका संध्याकाळी होऊन जातं.